नाव आहे, पण काम ठाऊक नाही

क्षयरोगाच्या जिवाणूत सुमारे चार हजार जनुके असतात. जून १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर, प्रसिद्ध झाला आणि प्रत्येक जनुकाला एक क्रमांक मिळाला. नव्या वसाहतीत पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत क्रमांकाच्या पाट्या ठोकत जावे, तसेच हे काम होते. त्या यादीत ‘आरव्ही ३५४७’ नावाचे एक जनुक होते. त्याच्यापासून पेशीत एक प्रथिन तयार होत असावे, एवढे संगणकाने ताडले होते. ते प्रथिन नेमके काय करते, हे कुणालाच माहीत नव्हते. अशा प्रथिनांसाठी शास्त्रज्ञांचा एक ठरलेला शब्द आहे : ‘हायपोथेटिकल प्रोटीन’, म्हणजे असावे असे गृहीत धरलेले प्रथिन.

दोन वर्षांनी, २००० साली, पीए-८२४ नावाच्या एका नव्या रसायनाची माहिती प्रसिद्ध झाली. हे रसायन क्षयाच्या जिवाणूला मारत होते. पण त्याची तऱ्हा वेगळी होती. ते स्वतः जिवाणूला अपायकारक नव्हते. जिवाणूच्या पेशीत शिरल्यावर तिथलेच एखादे प्रथिन त्याची मोडतोड करून त्याचे विषात रूपांतर करत होते. जिवाणू आपल्याच हाताने आपले मरण ओढवून घेत होता. हे करणारे प्रथिन कोणते? संशोधकांनी पीए-८२४ ला दाद न देणारे जिवाणू प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवले आणि त्यांच्यात काय बिघडले आहे ते तपासले. २००६ साली उत्तर मिळाले. ते प्रथिन होते आरव्ही ३५४७ चे. आठ वर्षे केवळ क्रमांक मिरवणाऱ्या त्या घरात कोण राहते, ते तेव्हा कळले.

पीए-८२४ हेच पुढे ‘प्रीटोमॅनिड’ या नावाने औषध म्हणून बाजारात आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सॅसिन या चार औषधांच्या उपचारपद्धतीला मंजुरी दिली. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी वीस-वीस महिने चालणारे उपचार यामुळे सहा महिन्यांवर येऊ शकतात. मात्र एखाद्या रुग्णाच्या थुंकीतील जिवाणू प्रीटोमॅनिडला दाद देणार की नाही, हे आधी सांगायचे असेल, तर त्याची कोणती जनुके तपासायची ते माहीत हवे. आरव्ही ३५४७ त्यांपैकी एक. नोंदवहीतील एका रिकाम्या रकान्याची किंमत इथे कळते.

असे रिकामे रकाने सर्वच सजीवांच्या जीनोममध्ये आहेत. शिवाय जे रकाने भरलेले दिसतात, त्यांतले कित्येक अंदाजाने भरलेले आहेत आणि काही चुकीचेही आहेत.

पाटी कशी लागते?

जीनोम वाचणारे यंत्र फक्त अक्षरे देते : ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची सलग ओळ. क्षयाच्या जिवाणूत ही ओळ ४४ लाख अक्षरांची आहे. माणसात ती ३०० कोटींच्या घरात जाते. शब्द न तोडता लिहिलेला मोडी कागद समोर आला, की आधी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ठरवावे लागते. इथेही तसेच. संगणकाचा प्रोग्राम या ओळीत प्रथिनाची सुरुवात आणि शेवट सांगणाऱ्या खुणा शोधतो आणि ‘इथे जनुक असावे’ असे पट्टे आखून देतो. मग प्रत्येक पट्ट्यापुढे नाव आणि काम लिहिण्याची वेळ येते. या टिपणे करण्याच्या कामाला ‘ॲनोटेशन’ म्हणतात.

नाव लिहिण्याचा खात्रीचा मार्ग एकच : ते प्रथिन वेगळे काढायचे, प्रयोग करायचे आणि ते काय करते ते पाहायचे. एकेका प्रथिनासाठी यात वर्षे जातात. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक नावे साधर्म्यावरून दिली जातात. नव्या प्रथिनातील अमिनो आम्लांची साखळी आधी माहीत असलेल्या एखाद्या प्रथिनाशी जुळली, की त्याचे नाव आणि काम नव्या प्रथिनाला चिकटवले जाते. ही पद्धत निराधार नाही. सजीवांची प्रथिने एकाच पूर्वजापासून आलेली असतात, त्यामुळे रूप जुळले तर काम जुळण्याची शक्यता मोठी असते. पण एकाच घरातले दोन सख्खे भाऊ दिसायला सारखे असले, तरी एक सुतार आणि दुसरा शिक्षक असू शकतो. विकरांच्या बाबतीत साखळीतील दोन-चार मोक्याची अमिनो आम्ले बदलली, तरी काम बदलू शकते.

क्षयाच्या जिवाणूचा जीनोम वाचणाऱ्या गटाने याबाबत हातचे राखले नव्हते. सुमारे ४० टक्के प्रथिनांचे काम आपण नेमके सांगू शकतो, ४४ टक्क्यांबद्दल थोडीफार माहिती किंवा साधर्म्य मिळते आणि उरलेली १६ टक्के ज्ञात कशाशीच जुळत नाहीत, असे त्यांनी १९९८ मध्येच स्पष्ट लिहिले. या जिवाणूच्या मजकुराचा जवळपास दहावा भाग ‘पीई’ आणि ‘पीपीई’ या दोन कुळांनी व्यापला आहे. ही नावे ऐकायला भारदस्त वाटतात. पण ती केवळ त्या प्रथिनांच्या सुरुवातीला दिसणाऱ्या अमिनो आम्लांची एकाक्षरी चिन्हे आहेत. म्हणजे माणसाच्या नावाऐवजी त्याच्या सदऱ्याचा रंग लिहिला आहे. आणि ‘आरव्ही’? ती या जिवाणूच्या ‘एच३७आरव्ही’ या प्रयोगशाळेतील वाणाची खूण. १९०५ साली एका रुग्णाकडून घेतलेल्या नमुन्यापासून हा वाण आला आणि आजही जगभरच्या क्षयसंशोधनाचा तो आधार आहे.

इतर जिवाणूंची गोष्ट वेगळी नाही. आपल्या आतड्यात राहणारा ‘ई. कोलाय’ हा पृथ्वीवरील सर्वाधिक अभ्यासलेल्या जीवांपैकी एक. १९९७ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक जनुकांचे काम सांगता येत नव्हते. सर्वांत बोलके उदाहरण मात्र २०१६ चे आहे. अमेरिकेतील जे. क्रेग व्हेंटर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी एका जिवाणूतील अनावश्यक जनुके काढत काढत जगण्यापुरती ४७३ जनुके असलेली पेशी घडवली. आता या पेशीत फालतू असे काही उरले नव्हते. तरीही त्या ४७३ पैकी १४९ जनुके नेमके काय करतात, हे ती पेशी घडवणाऱ्यांनाही सांगता येत नव्हते. ती काढली तर पेशी मरते किंवा धड वाढत नाही, इतकेच माहीत. कमीत कमी गरजांवर चालणाऱ्या जीवनाचाही जवळपास तिसरा हिस्सा तेव्हा अनोळखी होता. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा खाली आला, पण शून्यावर आला नाही.

दाखल्यावरची चूक

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव चुकीचे पडले, की पुढे काय होते हे घराघरांत माहीत आहे. तीच चूक बँकेच्या पासबुकात, पॅनकार्डावर, पासपोर्टवर उतरते. आणि एवढ्या कागदांवर तेच नाव असल्यामुळे चूकच खरी वाटू लागते. जनुकांच्या नोंदींचेही असेच होते. एका प्रथिनाला अंदाजाने नाव दिले गेले. पुढच्या जीनोममधील सारख्या दिसणाऱ्या प्रथिनाला त्यावरून नाव मिळाले. त्यावरून तिसऱ्याला. चौथ्यापर्यंत पोहोचेस्तोवर ‘बहुधा’ हा शब्द गळून पडतो आणि मूळ प्रयोग कुणी केला होता, की केलाच नव्हता, याचा पत्ता राहत नाही.

हे नुसते भय नाही, मोजून दाखवलेली गोष्ट आहे. ‘मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम’ या अगदी छोट्या जिवाणूच्या जनुकांना तीन वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे नावे दिली होती. १९९९ साली ही नावे शेजारी शेजारी ठेवून ३४० जनुकांची तुलना झाली. एकाच जनुकाला दोन गटांनी परस्परविरोधी कामे लावली असतील, तर किमान एक चुकले असणारच. या साध्या हिशेबाने किमान आठ टक्के नावे चुकीची निघाली. दोन्ही गटांनी मिळून केलेली चूक या हिशेबात सापडतच नाही, म्हणून ‘किमान’.

२००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ज्यांचे काम प्रयोगांनी पक्के ठाऊक आहे अशी विकरांची ३७ कुळे घेतली आणि जगातील मोठ्या डेटाबेसमध्ये त्यांच्या नोंदी तपासल्या. ‘स्विस-प्रॉट’ या संग्रहात प्रत्येक नोंद माणूस स्वतः वाचून, निबंधांशी ताडून करतो. तिथे चुका जवळपास नव्हत्या. संगणकाने आपोआप भरलेल्या संग्रहांत मात्र विकरांच्या गटागणिक सरासरी ५ टक्क्यांपासून ६३ टक्क्यांपर्यंत नोंदी चुकीच्या होत्या. १९९३ ते २००५ या काळात चुकांचे प्रमाण वाढत गेले होते, हेही त्यांना आढळले.

अडचण अशी, की माणसाने तपासलेल्या नोंदी आहेत साधारण पावणेसहा लाख आणि संगणकाने भरलेल्या नोंदी आहेत कोट्यवधी. जीनोम वाचणे आता स्वस्त झाले आहे. समुद्राच्या पाण्यातून, शेतातल्या मातीतून, माणसाच्या विष्ठेतून नवे जिवाणू आणि त्यांची नवी प्रथिने दररोज यादीत पडत आहेत. तपासणारी माणसे मात्र मूठभर.

एकाची सात नावे, दोघांचे एक नाव

कोविडच्या काळात ‘आयएल-६’ ही रक्तचाचणी अनेक घरांत परिचयाची झाली. शरीरातील दाह किती वाढला आहे, हे पाहण्यासाठी डॉक्टर ती करून घेत. ‘इंटरल्युकिन-६’ या प्रथिनाचे हे नाव तसे नंतरचे. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या प्रयोगशाळा आपापल्या परीने एका प्रथिनाचा पाठलाग करत होत्या. बी-पेशींना चालना देते म्हणून कुणी त्याला एक नाव दिले. यकृताच्या पेशींना उद्दीपित करते म्हणून दुसऱ्याने दुसरे. विषाणूविरोधी इंटरफेरॉनचा प्रकार समजून कुणी ‘इंटरफेरॉन बीटा-२’ म्हटले, तर कुणी नुसत्या वजनावरून ‘२६ किलोडाल्टनचे प्रथिन’. १९८६ मध्ये जपानमधील ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने त्याचे जनुक वेगळे काढले. साखळ्या शेजारी ठेवल्या, तेव्हा कळले की ही सगळी नावे एकाचीच. तोवर एका गटाचे निष्कर्ष दुसऱ्या गटाच्या कामी येण्याचा मार्ग बंद होता. कारण दोघे एकाच व्यक्तीबद्दल बोलत आहेत हे दोघांनाही माहीत नव्हते.

याच्या उलटही घडते. ‘टॅझ’ हे नाव दोन अगदी वेगळ्या प्रथिनांना पडले. एकातील बिघाडामुळे मुलग्यांमध्ये हृदयाचा स्नायू कमकुवत करणारा ‘बार्थ सिंड्रोम’ हा दुर्मीळ आजार होतो. दुसरे अवयवांच्या वाढीशी आणि कर्करोगाशी संबंधित आहे. आजारी मुलाचे आईवडील किंवा त्यांचे डॉक्टर ‘टॅझ’वरचे संशोधन शोधू लागले, की ज्यांचा त्या मुलाशी काडीचाही संबंध नाही अशा निबंधांचा ढीग समोर येई. शेवटी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने पहिल्या जनुकाचे अधिकृत नाव बदलून ‘टॅफॅझिन’ केले.

काही नावे तर मुळातच दिशाभूल करतात. कर्करोगाच्या अभ्यासातील सर्वांत प्रसिद्ध प्रथिन म्हणजे ‘पी५३’. १९७९ मध्ये ते सापडले, तेव्हा त्याचे वजन ५३ किलोडाल्टन भरले म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ते सुमारे ४४ किलोडाल्टनचे आहे. मोजणीच्या पद्धतीत ते जरा अडखळत सरकते, म्हणून जड वाटले होते. पहिली दहा वर्षे ते कर्करोगाला खतपाणी घालते असा समज होता. १९८९ च्या सुमारास उलगडले, की ते कर्करोगाला आवर घालते. वजन चुकले, कामही चुकले. नाव मात्र राहिले. फळमाशीत एक जनुक बिघडले की अळीच्या अंगावर काटे उगवतात, म्हणून संशोधकांनी गमतीने त्याला काटेरी ‘हेजहॉग’ प्राण्याचे नाव दिले. माणसातल्या तशाच जनुकाला पुढे एका व्हिडिओ गेममधील पात्राचे ‘सॉनिक हेजहॉग’ हे नाव पडले. या जनुकातील बिघाडाने गर्भाच्या मेंदूची रचना गंभीररीत्या बिघडू शकते. अशा बाळाच्या आईवडिलांना डॉक्टरांनी हे नाव सांगायचे कसे?

संगणकानेही यात भर घातली. ‘मार्च१’ किंवा ‘सेप्ट२’ अशी जनुकांची नावे एक्सेलच्या तक्त्यात टाइप केली, की ती आपोआप ‘१ मार्च’ आणि ‘२ सप्टेंबर’ अशा तारखा होत. २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये समितीनेच हार मानली आणि या जनुकांची नावे बदलून ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन२’ अशी केली. एक्सेलमध्ये तारखांची ही खोड बंद करण्याची सोय त्यानंतर तीन वर्षांनी आली.

ही सगळी प्रयोगशाळेतली भांडणे वाटतील. पण ती रुग्णाच्या फाइलपर्यंत येतात. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हे पाहण्यासाठी जिवाणूचे ‘आरपीओबी’ हे जनुक तपासतात. सरकारी रुग्णालयांतील सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट ही यंत्रे याच जनुकाकडे पाहतात. या जनुकातील सर्वांत नेहमीचा घातक बदल अनेक वर्षे ‘५३१ व्या स्थानावरील बदल’ म्हणून ओळखला गेला. हा आकडा क्षयाच्या जिवाणूचा नव्हेच, तो ई. कोलायच्या प्रथिनात मोजलेला आहे, कारण अभ्यास तिथे आधी झाला होता. क्षयाच्या जिवाणूच्या स्वतःच्या मोजणीत तेच स्थान ४५० वे येते. त्यामुळे एका चाचणीच्या अहवालात ५३१ आणि दुसऱ्या चाचणीच्या अहवालात ४५० असे लिहून आले, तर अनोळखी डोळ्यांना ते दोन वेगळे बदल वाटतील. प्रत्यक्षात बदल एकच.

उजेडातली किल्ली

अंधारात हरवलेली किल्ली दिव्याखाली शोधणाऱ्या माणसाची गोष्ट सर्वांनी ऐकली आहे. ‘इथे का शोधतोस?’ तर ‘इथे उजेड आहे म्हणून.’ प्रथिनांवरील संशोधनही असेच चालते, असे २०११ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये आकड्यांनिशी मांडले. मानवी जीनोम वाचून दशक उलटले, तरी प्रथिनांवरील तीन चतुर्थांश संशोधन जीनोम हाती येण्याआधीच माहीत असलेल्या दहा टक्के प्रथिनांभोवती फिरत होते. कारणे समजण्यासारखी आहेत. ओळखीच्या प्रथिनावर काम करायला साधने तयार असतात, अनुदान मिळते, निबंध छापून येतो. अनोळखी प्रथिनावर तीन वर्षे घालवून हाती काही न लागले, तर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे भवितव्य टांगणीला लागते.

पण अंधारात काय दडलेले असते? माणसाच्या नवव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्याचे नाव ‘सी९-ओआरएफ-७२’. याचा अर्थ नवव्या गुणसूत्रावरील बहात्तर क्रमांकाचा, प्रथिन तयार करू शकेल असा पट्टा. नाव कसले, नुसता पत्ता. २०११ मध्ये दोन गटांनी दाखवून दिले, की या जनुकातील सहा अक्षरांचा एक तुकडा काही कुटुंबांत पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा लिहिला गेलेला असतो. हाताापायांचे स्नायू एकेक करून निकामी करणारा ‘एएलएस’ हा आजार आणि कमी वयात येणारा एक प्रकारचा स्मृतिभ्रंश, या दोन्हींचे युरोपीय वंशाच्या लोकांमधील सर्वांत मोठे आनुवंशिक कारण तेच निघाले. रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या होते, जनुकही यादीत होते. त्या पत्त्यावर जाऊन दार कुणी वाजवले नव्हते.

२०२३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी हे दार वाजवण्याचे काम शिस्तीने केले. माणसात आणि फळमाशीत दोन्हीकडे असलेली, पण जवळपास काहीच माहीत नसलेली सुमारे २६० जनुके त्यांनी निवडली आणि माशीत ती एकेक करून बंद पाडली. त्यांतील जवळपास चौथा भाग असा निघाला, की ते जनुक बंद पडताच माशी जगूच शकत नाही. बाकीच्यांपैकी काहींचा संबंध प्रजननाशी, हालचालीशी, ताण सोसण्याच्या क्षमतेशी दिसला. ज्यांच्याकडे कुणी पाहिले नाही ती बिनमहत्त्वाची असतील, हा समज या प्रयोगाने खोडून काढला.

नोंदवही नीट करणारे

या गोंधळावर उपाय आहेत, आणि ते बरेचसे कारकुनी वाटावेत असे आहेत. स्विस-प्रॉटची सुरुवात १९८६ मध्ये अमोस बायरोक या जिनिव्हातील तरुण संशोधकाने केली. तिथले तज्ज्ञ आजही निबंध वाचतात, दोन निबंधांत विसंगती असेल तर ती नोंदवतात आणि प्रत्येक प्रथिनाची जुनी-नवी सर्व नावे एका ठिकाणी लिहितात. मानवी जनुकांच्या नावांचे नियम १९७९ पासून आहेत. नाव एकमेव असावे, कुणाला दुखावणारे नसावे, उगाच बदलू नये, असे ते सांगतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘जीन ऑन्टॉलॉजी’ या प्रकल्पाने आणखी एक महत्त्वाची शिस्त लावली. प्रथिनाचे काम लिहिताना ते कशावरून ठरवले, याचीही खूण करायची : प्रयोगात पाहिले, की संगणकाने साधर्म्यावरून लावले. ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक कागदावर टिकावा, यासाठी एवढी खूण पुरते.

भारतातही असा एक प्रयत्न झाला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये सर्वांसाठी खुला असा औषधसंशोधन प्रकल्प सुरू केला. त्याअंतर्गत २०१० मध्ये देशभरातील शेकडो विद्यार्थ्यांनी क्षयाच्या जिवाणूची जनुके वाटून घेतली, प्रत्येकावर विखुरलेले निबंध वाचले आणि नोंदी नव्याने लिहिल्या. महागड्या प्रयोगशाळेविना, संगणक आणि चिकाटी यांच्या बळावर होऊ शकणारे हे काम होते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ताही मदतीला आली आहे. ‘अल्फाफोल्ड’ने २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार वर्तवले आणि त्यामागील शास्त्रज्ञांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आकारावरून कामाचा माग काढणे खूप सोपे होते. पण किल्लीचा आकार कळला म्हणून ती कोणत्या कुलपाची हे कळतेच असे नाही. शेवटचा शब्द प्रयोगाचाच असतो. शिवाय संगणकाला शिकवण्यासाठी ज्या नोंदी वापरतात त्यांतच चुका असतील, तर तो त्याच चुका अधिक आत्मविश्वासाने परत सांगेल.

नोंदी नीट केल्याने काय साधते, हे बेडाक्विलिनच्या उदाहरणावरून दिसते. क्षयाच्या जिवाणूतील ‘आरव्ही ०६७८’ हेही आरव्ही ३५४७ सारखेच क्रमांकावर ओळखले जाणारे जनुक. पेशीत आलेली नको असलेली रसायने बाहेर फेकणारा एक पंप असतो; या जनुकाचे प्रथिन त्या पंपाला लगाम घालते. लगाम तुटला, की पंप जोरात चालतो आणि बेडाक्विलिन बाहेर फेकले जाते. त्यासोबत क्लोफॅझिमीन हे दुसरे औषधही निकामी होते. हा दुवा २०१४ मध्ये स्पष्ट झाला. तो दाखवणाऱ्यांत स्टुअर्ट कोल होते. १९९८ मध्ये या जिवाणूचा जीनोम वाचणाऱ्या गटाचे नेतृत्व त्यांनीच केले होते. पाटी लावल्यापासून त्या घरात काय चालते ते कळेपर्यंत सोळा वर्षे गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ३८ हजारांहून अधिक नमुने तपासून, जिवाणूतील कोणत्या बदलाने कोणते औषध निकामी होते याची पहिली सूची काढली. बेडाक्विलिनबाबत ठामपणे सांगण्याइतका पुरावा तेव्हा हाती नव्हता. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत नमुने ५२ हजारांवर गेले आणि आरव्ही ०६७८ मोडून टाकणारे बदल औषधाला निकामी करणारे म्हणून नोंदवले गेले. त्यातही एक बारकावा आहे : पंपाचेच जनुक मोडके असेल, तर लगाम तुटूनही काही बिघडत नाही. म्हणजे एका जनुकाचा अर्थ दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय लागत नाही.

अहवाल हाती आल्यावर

कर्करोग, हृदयविकार किंवा मुलांमधील दुर्मीळ आजारांसाठी जनुकीय चाचण्या आता शहरांतून सर्रास होऊ लागल्या आहेत. अशा अहवालात ‘महत्त्व अनिश्चित असलेला बदल’ असा शेरा बरेचदा येतो. तो वाचून कुटुंब हादरते. त्याचा अर्थ आजार आहे असा नाही, आणि नाही असाही नाही. त्या जनुकाबद्दल किंवा त्या बदलाबद्दल आज पुरेशी माहिती नाही, एवढाच तो शेरा आहे. पुढे ज्यांचा उलगडा होतो, त्यांतले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. केवळ अशा शेऱ्यावरून शस्त्रक्रिया किंवा गर्भधारणेसारखे मोठे निर्णय घेऊ नयेत. जनुकीय समुपदेशकाशी बोलावे. अहवाल जपून ठेवावा आणि दोन-तीन वर्षांनी त्याचा पुन्हा अर्थ लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. शरीरातील जनुक तेच राहील; त्याच्यापुढची नोंद मात्र तोवर बदललेली असू शकते.

क्षयाच्या जिवाणूच्या यादीत अजूनही शेकडो जनुकांपुढे फक्त क्रमांक आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे हे रकाने भरण्याची गरज इतर कुणाहूनही भारताला अधिक आहे. नवे औषध सापडले की बातमी होते. एखादी चुकीची नोंद खोडून तिथे बरोबर नाव लिहिले गेले, तर कुणाला कळतही नाही. पण त्या नोंदीवर विसंबून पुढे कुठल्या तरी रुग्णाला औषधाची गोळी दिली जाणार असते.